पाण्यापासून घर किती लांब

आमच्या दुकानात आलेल्या माणसाला मी आधी बसायला सांगते, पाणी देते आणि मग विचारते, विहीर किती खोल, पाणी कितीवर लागलं, अन् विहिरीपासून वावर किती लांब. अमरावतीला आमचं मोटारपंपांचं दुकान आहे. पाटीवर नाव ह्यांचं, पण काउंटरवर मी. शेतकरी येताना ‘पाच एचपीची द्या’ असं घरूनच ठरवून येतो, तरी मी विचारल्याशिवाय मोटर दाखवत नाही. काही जण चिडतात. एक जण म्हणाला होता, “बाई, तुमाले मोटर इकाची हाय का माही मुलाखत घ्याची हाय?” मी म्हटलं, “भाऊ, मोटर तुमच्या विहिरीत बसन, माह्या डोक्यावर नाई. मले काय करा लागते? पण उद्या पाणी नाई फेकलं तं शिव्या मलेच द्यान.”

एवढी चौकशी करून शेवटी मी सांगते ते मात्र सगळ्यांना एकच. घेताच आहात तर एक साइज वरची घ्या. हे वाक्य आमच्याकडे दुकानदाराला आवडतं अन् गिऱ्हाइकाला त्याहून आवडतं. शेजाऱ्याकडे तीनची असेल तर आपल्याकडे पाचची पाहिजे, त्याने पाचची घेतली की आपल्याला साडेसातची. एचपी हा आमच्याकडे नुसता आकडा नसतो, तो माणूस पारावर बसून सांगतो.

आता सांगते. एवढं सगळं रोज तोंडपाठ म्हणणाऱ्या ह्या बाईने स्वतःच्या बापाच्या नावेला इंजिन घेताना ह्यातला एकही प्रश्न विचारला नाही. एक साइज वरचं तेवढं घेतलं. जुनी गोष्ट नाही, अजून वर्षही झालेलं नाही, आणि लिहितानाही माझे कान गरम होताहेत.

माझं माहेर मोर्शीकडच्या एका धरणाच्या काठावर आहे. आम्ही भोई. पणजोबांपर्यंत मेणे वाहिले म्हणतात, पुढे नदीवरची मासळी आली, मग धरण झालं आणि नदीच काठाशी येऊन बसली. बाबांची फायबरची नाव आहे. माझ्या आठवणीत बाबा आणि माय कायम जोडीनं पाण्यावर जात आले आहेत. बाबा वल्हवायचे आणि जाळं ओढायचे, माय जाळ्यातले मासे सोडवायची. मी शाळेत जाताना ते परत यायचे. माय टोपलं डोक्यावर घेऊन तशीच बाजाराला निघायची, आणि मी वाट बदलायची, कारण मैत्रिणी सोबत असायच्या. ते जाऊ दे, त्याच्याबद्दल आज लिहायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात बाबांचा उजवा खांदा गेला. गेला म्हणजे हात छातीच्या वर उचलेना. अमरावतीच्या डॉक्टरने सांगितलं, जन्मभर वल्हवून आतलं सगळं झिजलं आहे, आता ह्या हाताने वल्हं मारायचं नाही, वजन उचलायचं नाही. बाबांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, “मंग नाव कोन हाकन व?”

प्रश्न खराच तेवढाच होता. मासेमारांच्या संस्थेत धरणाचं पाणी एकेका नावेला वाटून दिलेलं आहे, आणि ज्याची नाव हंगामभर पाण्यात दिसली नाही त्याची जागा पुढच्याला जाते. तक्रार कोणाची नाही, वाट पाहणारे पुष्कळ आहेत. बाबांची जागा जुन्या नाल्याच्या तोंडाशी आहे, घरापासून बरीच आत. तीन हंगामांपूर्वी शेजारच्या एका काकांची जागा अशीच गेली. ते आता दिवसभर काठावर खाट टाकून पाण्याकडे पाहत बसतात, आणि कोणी नमस्कार केला तर दचकतात. बाबा येता-जाता त्यांच्याकडे पाहत नाहीत. बाबांना दुसरं काही येत नाही आणि घरी बसणं तर मुळीच येत नाही. जागा गेली की बाबा गेले, असं मायने मला फोनवर सांगितलं, आणि माय उगाच बोलणारी बाई नाही.

आधी तिने स्वतः वल्हं घेतलं. पण वल्हवायचं तिनेच, जाळं ओढायचं तिनेच, मासे सोडवायचे तिनेच. बाकीच्या नावा परत यायच्या तेव्हा ह्यांची जाग्यावर पोचायची. म्हणून मी म्हटलं, इंजिन घेऊ. मागे टांगायचं, दांडा डाव्या हातानेच धरायचा असतो, बाबांचा डावा हात ठणठणीत आहे. आमचे हे लगेच हो म्हणाले. ह्या माणसाला मी एरवी पुष्कळ बोलते, पण माझ्या माहेरासाठी त्यांनी कधी हात आखडला नाही, हे लिहून ठेवते.

दसऱ्यानंतर आम्ही बाबांना घेऊन अकोल्याला गेलो. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे नावेची इंजिनं मिळतात. दुकानात ती लाकडी घोड्यांवर ओळीने टांगलेली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. विक्रेत्याने विचारलं, नाव किती फुटी, माणसं किती बसतात, जाळ्याचं वजन किती. बाबांनी सांगितलं. तो म्हणाला, “पाचचं पुरते. अडीचवरही चालन, जरा हळू.”

अडीच! मी काउंटरवर बसणारी बाई. अडीच एचपीची तर मी कोणाला हौदाला पाणी भरायला देत नाही. मी म्हटलं, “पंधराचं दाखवा.”

“नाव तेवढी नाई हो ताई.”

“नाव पेलते का नाई ते सांगा.”

“पेलते. नावेचा मागचा फळा मजबूत असन तं पेलते.”

“मंग झालं.”

तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला सगळ्यांत लहान इंजिनापाशी उभे होते. त्याच्या मुठीत डावा हात घालून ते त्याला घोड्यावरून जरासं उचलून पाहत होते. मी इकडूनच हाक मारली, “बाबा, ते सोडा, ते पोरायचं खेळणं हाय!” दुकानातले दोघं-तिघं हसले. बाबांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. “तू म्हनशीन ते,” म्हणाले.

मला पंधराचं का हवं होतं, ते सांगते. नावेसाठी नव्हे. माझ्या सासरी मासे शिजत नाहीत. शेतीवाडीची, देवभोळी माणसं. वाईट कोणी बोलत नाही, पण माहेरचा विषय निघाला की जरा गप्प होतात. मासळीबद्दल मला त्यांच्यापुढे काही बोलता येत नव्हतं, एचपीबद्दल येणार होतं. “आमच्या बाबांच्या नावेला पंधराचं इंजिन आहे.” ट्रॅक्टरवाल्या घरात हे वाक्य चालतं. ते मी पुढे कितीतरी वेळा वापरलंसुद्धा.

इंजिन पोचवायला व्यापाऱ्याची दोन माणसं आली. त्यांनीच ते नावेला लावलं. तेव्हा धरण काठोकाठ होतं, पाणी आमच्या घरामागच्या बाभळीला लागलेलं. पूजा झाली, नारळ फुटला, बाबांनी दोरी ओढली आणि नाव अशी निघाली की काठावरचे सगळे उठून उभे राहिले. बाबांची टोपी उडाली. माय तोंडावर पदर घेऊन हसत होती. परत आल्यावर बाबा म्हणाले, “लय पयते व! मी तं भ्यालोच.” मी फुगून अमरावतीला आले.

धरणावर इंजिन नावेला ठेवून घरी जाता येत नाही, चोरीला जातं. संध्याकाळी प्रत्येक जण आपापलं इंजिन काढून घरी नेतो. ज्याच्या घरी दोन तरणे लेक आहेत तो बांबूला बांधून दोघांच्या खांद्यावर नेतो. हे मला लहानपणापासून माहीत. डोळ्यांनी पाहिलेलं. पण इंजिन घेताना ते मनात आलं नाही. आणि आमच्या घरी तरणे लेक नाहीत, मी एकटी आहे, तेही आलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा इंजिन घरात कोठीशेजारी होतं, वर पोतं घातलेलं. मी पोतं काढून त्याच्यावर हात फिरवला. संक्रांतीला गेले तेव्हाही ते तिथेच होतं, पुसलेलं, चकचकीत. इतकं छान ठेवलंय म्हणून मी कौतुक केलं. चाळीस किलोची वस्तू पाण्यावरून घरात चालत आली होती का, हे मी, रोज मोटारी इकडून तिकडे उचलवून घेणाऱ्या बाईने, विचारलं नाही.

संक्रांतीलाच आणखी एक झालं. मी मागून “माय” अशी हाक मारली तर ती नुसती मान न वळवता अख्खी वळली, पायांसकट. मी म्हटलं, “काय व माय, परेडमधी उभी हायेस काय?” ती हसली. “मान धरली वाटते. म्हातारी झाली नं मी.” मी म्हटलं उशी जुनी झाली असेल. अमरावतीला येऊन मी तिला कापसाची नवी, मऊ उशी घेऊन पाठवली. कशी वाटली म्हणून फोनही केला. “लय मऊ हाय,” म्हणाली.

मग वैशाखात वरुडला सासरच्यांकडचं एक लग्न होतं. परतताना गाडीत आमचे हे, त्यांची मोठी बहीण आणि मी. मोर्शी ओलांडली आणि मलाच उत्साह आला. ताई कधी माझ्या माहेरी आल्या नव्हत्या. मी म्हटलं, “ताई, चला नं, वाटेवरच हाय. बाबांची नाव पाहा, इंजिन पाहा. पंधराचं हाय.”

घराला कुलूप होतं, म्हणजे दोघं पाण्यावर होते. आम्ही मागे बाभळीखाली जाऊन उभे राहिलो. पाणी कुठे होतं? दसऱ्याला जिथे नाव बांधली होती तिथे आता शेळ्या चरत होत्या. पुढे पाणी ओसरल्यावर केलेल्या गाळपेराची कापलेली वाडी, तिच्या पुढे भेगा पडलेला गाळ, दगड, बुंधे, आणि पार तिकडे पाण्याची रेघ. उतरतीची वाट, म्हणजे येताना चढाची. सायकल त्या भेगांत चालत नाही, हातगाडीचं तर नावच नको. वैशाखात पाणी मागे जातं हेही मला जन्मापासून माहीत. मी ताईंना धरणाबद्दल सांगत होते, नाव कशी पळते ते सांगत होते. बोलायला लागले की मी थांबत नाही.

ताई म्हणाल्या, “ती बाई काय आणून राहिली व डोक्यावर? पाण्याचा गुंड आहे काय?”

मी पाहिलं. उन्हं उतरली होती. गाळातून दोन माणसं चढून येत होती. मागचा माणूस एका खांद्यावर जाळं घेतलेला. पुढची बाई दगडांवरून पाय चाचपत येत होती, दोन्ही हात वर, डोक्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. जवळ आल्यावर पोत्याच्या एका टोकातून पंखा दिसला. त्यातून पाणी ठिबकत होतं, तिच्या खांद्यावर.

खरं सांगते. मला पहिल्यांदा जी लाज वाटली ती चुकीची होती. नणंदेसमोर माझी माय गाळाने माखलेली, डोक्यावर ओझं घेऊन येते आहे, ह्याची ती लाज होती. शाळेच्या वाटेवरची तीच. मी क्षणभर म्हणणार होते, कोणीतरी मजूरबाई दिसते. म्हटलं नाही, पण जिभेवर आलं होतं. आता एवढं लिहिते आहे तर हेही लिहिते.

मायने आम्हाला पाहिलं आणि पाय उचलला. पाहुण्यांना उभं ठेवायचं नाही म्हणून त्या चढावर ती भरभर चालायला लागली. समोर आली, धापा टाकत, आणि तशीच उभी राहिली, कारण ते ओझं एकट्याने उतरवता येत नाही. डोक्यावर इंजिन तसंच ठेवून ती ताईंना म्हणाली, “या बाई, या! कवा आल्या? उन्हाचं काहून उभे राह्यले बाहीर? चाबी वळचणीलेच होती. तुमचा गुडघा कसा हाय आता?” ताईंकडे बोलायचं झालं की अख्खी ताईंकडे वळत होती, जावयांना बोलायचं झालं की अख्खी त्यांच्याकडे. मान हलतच नव्हती. ती परेड मी पाहिली आणि मला ती मऊ उशी आठवली.

आमचे हे धावले. त्यांनी दोन्ही हातांनी इंजिन उतरवलं आणि झोक जाऊन बाभळीला टेकले. “अवं, हे आपण दुकानात दोघं लागतो उचलाले,” मला म्हणाले. ताईंनी मायच्या डोक्यावरची चुंबळ स्वतः काढली, लग्नाला नेसलेल्या साडीच्या पदराने तिच्या मानेवरचं पाणी आणि तेल पुसलं आणि म्हणाल्या, “बसा हो तुम्ही आधी.” मी ज्यांच्यापुढे एचपी मिरवत होते त्या ताई. मी तिथेच उभी होते, हातात गाडीची चावी घेऊन.

चहा झाल्यावर मी ओरडायला लागले. माझा स्वभावच मेला असा. लाज वाटली की मला राग येतो आणि जवळ असेल त्याच्यावर निघतो. “काहून सांगतलं नाई मले? फोन करता येत नाई? रोज इचारतो नं मी, कसं चालू हाय म्हणून! लोकायले हाक मारता येत नाई? सारा गाव हाय काठावर!”

“लेकीनं देल्लेलं इंजिन,” माय म्हणाली, “लोकायनं काहून उचलावं? मंग म्हनतीन, देल्लं पण झेपत नाई.”

“पण जड हाय हे मले तं सांगाचं!”

“काय सांगाचं? लेकीनं देल्लं हे सांगाचं का जड हाय हे सांगाचं?” मग जरा तोऱ्यात, “अन् भोयाच्या बाईले वझं सांगतं का व तू?”

बाबा दाराशी उकिडवे बसले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. तसेच म्हणाले, “तिच्या डोक्यावर मीच चढवून देतो रोज. एका हातानं. ते बसते, मी चढवतो, मंग ते उठते.” त्यांच्या तोंडावर जे होतं ते पाहून माझं ओरडणं बंद झालं. ती लाज मी त्यांना रोज संध्याकाळी दिली होती, दसऱ्यापासून.

मायला दुसऱ्याच दिवशी अमरावतीला आणलं. डॉक्टरने मानेचे फोटो काढले, मणके दबलेत म्हणाला, गळ्याला पट्टा दिला आणि सक्त सांगितलं, डोक्यावर काही घ्यायचं नाही. माय सगळ्याला हो म्हणाली.

पण इंजिन काढून टाकता येणार नव्हतं. हंगाम संपायचा होता, नाव पाण्यात दिसायलाच हवी होती, नाहीतर बाबांची खाट त्या काकांच्या खाटेशेजारी. म्हणून त्याच आठवड्यात आम्ही चौघं पुन्हा अकोल्याला गेलो, पंधराचं गाडीत मागे टाकून. त्या व्यापाऱ्याने बदलून द्यायचं कबूल केलं. विक्रेता तोच होता. त्याने पुन्हा विचारलं, नाव किती फुटी, माणसं किती. मी म्हटलं, “भाऊ, ते राहू द्या. पाण्यापासून घर किती लांब, ते इचारा.” त्याला काही कळलं नाही. मला माझाच काउंटर डोळ्यांपुढे दिसत होता.

मी मायला म्हटलं, उचलून पाहा, कोणतं झेपतं ते तूच सांग. आम्ही अडवायच्या आत ती पदर खोचून पट्ट्यासकट पुढे झाली. पाचचं उचललं, म्हणाली, “हलकं हाय.” त्याच्या पुढचं उचललं, “हेही हलकंच हाय.” आठचं छातीशी धरून उभी राहिली, ओठ पांढरे पडले, आणि म्हणाली, “कायीच नाई व हे. हेच घेऊन टाक, तुह्या बाबाले पयाले बरं.”

“तिले काय इचारून राह्यली?” बाबा मागून म्हणाले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “ह्या बाईनं आजवर कोन्या गोष्टीले जड म्हटलं?”

बाबा ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले, त्याच लहान इंजिनापाशी. मुठीत डावा हात घातला, उचललं, आणि ते घेऊन दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेने चालायला लागले. पुढच्या चौकापर्यंत गेले, वळले, परत आले. खाली ठेवलं. दम लागला होता, पण चेहरा मोकळा होता. “हे मी नेतो,” म्हणाले.

विक्रेता म्हणाला, “काका, हे फारच लहान हाय. घेताच तं एक साइज वरचं घ्या.”

मी म्हटलं, “भाऊ, हेच द्या.” तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मी काही वेगळंच बोलले. मागच्या वेळी त्या मुठीत हात घालताना बाबा काय पाहत होते, ते मला तेव्हा कळलं. आणि मी दुकानभर त्यांचं हसं केलं होतं.

आता धरणावर बाबांची चेष्टा होते. “काय गा, नावेले मिक्सर लावला काय?” म्हणतात. नाव हळू जाते, पण जाते. जाग्यावर पोचते. संस्थेचा माणूस येऊन पाहून गेला, बाबांची जागा बाबांकडेच राहिली. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला आहे. मी एचपीबद्दल सासरी काही बोलत नाही. ताईच मध्येमध्ये विचारतात, तुझ्या आईची मान कशी आहे म्हणून.

ज्येष्ठ लागल्यावर मी एकटीच गेले, मुद्दाम संध्याकाळी, न सांगता. पाणी आणखी मागे गेलं होतं. मी दुकानातून तशीच आलेली, चांगली साडी, पायात सँडल. बाभळीपर्यंत न थांबता गाळात उतरले आणि अर्ध्याहून पुढे गेले. समोरून बाबा येत होते, डाव्या हातात इंजिन, हलत-डुलत, मला पाहून हसले. त्यांच्या मागे माय येत होती. गळ्याला पट्टा. आणि डोक्यावर जाळं. ओलं, गाळासकट, गुंडाळून रचलेलं, त्याच्यावर माशांचं टोपलं.

बरोबर आहे. बाबांचा हात एकच. आधी त्या खांद्यावर जाळं असायचं, आता त्या हातात इंजिन आहे. मग जाळं कोणाकडे जाणार?

“माय! डॉक्टरनं काय सांगतलं होतं तुले?”

“अवं, डोकं रिकामंच होतं,” ती म्हणाली. “अन् पट्टा लय कामाचा हाय. मान हालतच नाई, वझं कसं मस्त बसते पाह्य.”

मी पर्स गळ्यात अडकवली, तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून तिच्या हातात दिलं, जाळं ओढून माझ्या डोक्यावर घेतलं. तिने चुंबळ नीट करून दिली. घाण पाणी माझ्या कानातून मानेवर उतरलं, साडीत गेलं. दोन्ही हातांनी धरूनही ते एका बाजूला कलत होतं. माय शेजारून सांगत होती, मान सरळ ठेव, खाली पाहू नोको, पायाले कळते. मी खाली पाहिलं. सँडल भेगेत अडकली, गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा निघाले. वर पाहिलं तर बाभूळ होती तिथेच होती. मान जळायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मला एवढंच कळत होतं की हे नुसतं जाळं आहे, इंजिन ह्याहून कितीतरी जड होतं.

“दे इकडे,” माय म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. घरापर्यंतची अर्धी वाट अजून बाकी होती. मायने टोपलं खाली ठेवलं, दोन्ही हात पुढे केले, आणि मी जाळं तिला देऊन टाकलं.